मंत्रनियमांचा अर्थनिर्णय : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातील बंधनमंत्रांच्या संदर्भात

प्रास्ताविक

नियम लिहिणारा एक आणि तो लागू करणारा दुसरा, अशी स्थिती जेथे जेथे असते तेथे अर्थनिर्णयाचा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. धर्मशास्त्र, कायदा, करारपत्रे, एवढेच नव्हे तर विद्यापीठाचे परीक्षाविषयक अध्यादेश यांच्या बाबतीतही हा अनुभव नित्याचा आहे. खेळांच्या नियमांकडे मात्र या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. बुद्धिबळाचा घोडा कसा चालतो याविषयी मतभेद होत नाहीत, म्हणून खेळाचे नियम हे स्वयंस्पष्ट असतात असा समज रूढ आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पनारम्य भूमिका-खेळ या समजाला छेद देतो. त्याचे नियम गद्यात, परिच्छेदांच्या रूपात लिहिलेले असतात आणि एकेका शब्दावर तासन्तास वाद होऊ शकतो. प्रस्तुत लेखात परलोकातील प्राण्याला कोंडून त्याला सेवेस बांधून घेणाऱ्या मंत्रांच्या नियमांचे या दृष्टीने विवेचन केले आहे. मुख्य आधार खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा (२०१४) असून तुलनेसाठी २००३ सालची सुधारित तिसरी आवृत्ती घेतली आहे.

खेळ आणि त्याचा पंच

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच खेळाडू एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो. ‘डंजन मास्टर’ म्हणून ओळखला जाणारा एक जण उरलेले सारे जग चालवतो. राक्षस, नगरे, हवामान आणि न्यायदानही त्याच्याकडेच असते. मराठीत त्याला सूत्रधार म्हणणे योग्य ठरेल. यशापयश वीस बाजूंच्या फाशाने ठरते.

सूत्रधाराच्या या अधिकाराचे मूळ युद्धखेळांच्या परंपरेत आहे. प्रशियन सैन्यातील अधिकारी राइसवित्झ याने १८२४ साली ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ तपशीलवार नियम व कोष्टके देऊन प्रसिद्ध केला. पुढे हे नियम इतके किचकट वाटू लागले की १८७६ साली व्हर्डी द्यु व्हर्न्वा याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मुक्त प्रकार पुरस्कृत केला. लिखित नियम श्रेष्ठ की पंचाचा विवेक श्रेष्ठ, हा वाद असा या खेळाच्या जन्माआधी सुमारे शंभर वर्षे चालत आलेला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने दोन्ही बाजू एकत्र नांदवल्या. शेकडो पानांचे नियम दिले आणि अंतिम शब्द सूत्रधाराचा राहील असेही सांगितले. या दोन विधानांमधील ताण बंधनमंत्रांच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतो.

तीन मंत्रांची संहिता

सापळा रचण्यासाठी तीन मंत्र लागतात. पहिला ‘मॅजिक सर्कल’. हा तिसऱ्या पातळीचा मंत्र दहा फूट त्रिज्येचा व वीस फूट उंचीचा जादुई स्तंभ उभा करतो. तो टाकण्यास एक मिनिट लागते, परिणाम एक तास टिकतो आणि किमान शंभर सुवर्णनाण्यांचे पवित्र जल अथवा चांदी-लोखंडाचे चूर्ण त्यात खर्ची पडते. मंत्रकर्ता निवडील त्या वर्गाच्या प्राण्याला, म्हणजे दिव्य, तत्त्वज, परीवर्गीय, आसुरी वा मृतयोनीतील प्राण्याला, स्वेच्छेने व अजादुई मार्गाने स्तंभात शिरता येत नाही. मात्र मंत्र उलट्या दिशेनेही चालवता येतो. तसे केल्यास प्राण्याला स्तंभाबाहेर पडता येत नाही. हे संरक्षक वर्तुळ उलटवून केलेले कारागृह होय. कल्पना जुनी आहे. गटेच्या ‘फाउस्ट’मध्ये उंबरठ्यावरील पंचकोनी ताऱ्याचा एक कोन नीट जुळलेला नसल्याने सैतान आत येतो, पण बाहेर पडू शकत नाही, शेवटी उंदराकडून तो कोन कुरतडवून घेऊन त्याची सुटका होते.

दुसरा मंत्र आवाहनाचा. उदाहरणादाखल ‘कॉन्ज्युअर एलिमेंटल’ घेऊ. पाचव्या पातळीच्या या मंत्राने अग्नी, वायू, जल वा पृथ्वी यांपैकी एका तत्त्वाची सजीव मूर्ती प्रकट होते. तो टाकण्यास एक मिनिट लागते व मुदत ‘एकाग्रता टिकेल तोवर, कमाल एक तास’ अशी असते. एकाग्रता भंगली तर प्राणी नाहीसा होत नाही. तो ताब्यातून सुटतो, शत्रू बनतो आणि आवाहनापासून एक तासाने अदृश्य होतो.

तिसरा व कळीचा मंत्र ‘प्लेनर बाइंडिंग’. हाही पाचव्या पातळीचा असून तो टाकण्यास पूर्ण एक तास लागतो. हजार सुवर्णनाण्यांचे रत्न त्यात भस्मसात होते. प्राणी संपूर्ण तासभर साठ फुटांच्या आत असला पाहिजे. तासाअखेर त्याला ‘करिष्मा’ या गुणाच्या आधारे एक फासा टाकून बचावाची संधी मिळते. बचाव फसला तर तो चोवीस तास मंत्रकर्त्याचा सेवक होतो. अधिक वरच्या पातळीची शक्ती खर्चल्यास ही मुदत दहा, तीस, एकशे ऐंशी दिवस आणि शेवटी एक वर्ष व एक दिवस एवढी वाढते. नियमात दोन गोष्टी आणखी सांगितल्या आहेत. सामान्यतः प्राण्याला आधी उलट्या ‘मॅजिक सर्कल’च्या मध्यभागी आवाहन करून कोंडले जाते, असे कंसात म्हटले आहे. आणि प्राणी दुसऱ्या मंत्राने आणलेला असेल तर त्या मंत्राची मुदत बंधनाच्या मुदतीइतकी वाढते, असेही म्हटले आहे.

वाचताना सारे सुसंगत वाटते. घड्याळ लावून पाहिले की अडचण सुरू होते.

पहिला विसंवाद : वर्तुळाचा तास

वर्तुळ पूर्ण झाले तो क्षण शून्य धरू. लगेच आवाहन सुरू केले तरी प्राणी पहिल्या मिनिटाअखेर प्रकट होईल. त्यानंतर बंधनमंत्र सुरू होईल व एकसष्टाव्या मिनिटाला संपेल. वर्तुळ मात्र साठाव्या मिनिटालाच विरून गेलेले असेल. शेवटचे एक मिनिट क्रुद्ध एलिमेंटल मोकळा आहे आणि मंत्रकर्ता मंत्र अर्धवट सोडू शकत नाही, अशी स्थिती उद्भवते.

या ठिकाणी अनेक सूत्रधार उदारपणे म्हणतात की एका मिनिटाने काय होते, कंसातील वाक्यावरून लेखकांचा हेतू स्पष्टच आहे. हे मत सकृद्दर्शनी पटणारे असले तरी ग्राह्य वाटत नाही. मीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर कंसातील वाक्य हा विधी नाही. ते कोणतीही आज्ञा करीत नाही, रूढ पद्धतीचे वर्णन करते. अशा वाक्याने विधीचा अर्थ उजळतो, परंतु स्पष्ट शब्दांनी सांगितलेली मुदत बदलत नाही. जैमिनीने श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या ही सहा प्रमाणे सांगून त्यांत पुढचे प्रमाण आधीच्यापेक्षा दुर्बल ठरवले, त्यामागे हाच विचार आहे. साक्षात शब्द बोलत असताना सूचितार्थाकडे धावण्याचे कारण नाही.

शिवाय संहितेतच तोड आहे. ‘मॅजिक सर्कल’ चौथ्या पातळीच्या शक्तीने टाकला तर त्याची मुदत दोन तास होते. म्हणजे रूढ पद्धत शक्य आहे. तिला थोडी अधिक किंमत मोजावी लागते इतकेच. विसंवाद नियमात नसून घाईने केलेल्या वाचनात आहे. सूत्रधाराने येथे सवलत दिली तर ती त्याची मर्जी. तिला अर्थनिर्णय म्हणता येणार नाही.

दुसरा विसंवाद : आवाहनाचा तास

दुसरी अडचण अधिक खोल आहे. खेळाच्या सामान्य नियमानुसार एका कृतीपेक्षा अधिक वेळ घेणारा मंत्र टाकत असताना मंत्रकर्त्याला एकाग्रता राखावी लागते, आणि एका वेळी एकाच मंत्रावर एकाग्र होता येते. एकाच जादूगाराने तिन्ही मंत्र टाकायचे ठरवले तर बंधनमंत्राचा पहिला शब्द उच्चारताच आवाहनावरील एकाग्रता सुटेल. एलिमेंटल शत्रू बनेल. तेवढ्यासाठीच वर्तुळ आहे, म्हणून हे चालण्यासारखे आहे. परंतु तो ‘आवाहनापासून एक तासाने’ अदृश्य होणार आहे, आणि बंधनालाही एक तासच लागणार आहे.

खेळातील काळ सहा सेकंदांच्या फेऱ्यांत मोजला जातो. एका तासाच्या फेऱ्या सहाशे होतात. प्राणी प्रकट झाला ती फेरी पहिली धरली तर त्याच जादूगाराला बंधनमंत्राची पहिली कृती दुसऱ्या फेरीत करता येईल आणि सहाशेवी कृती सहाशे एकाव्या फेरीत होईल. प्राणीही त्याच फेरीत, त्याच जादूगाराच्या पाळीला नाहीसा होणार. पाळीच्या आरंभी की अखेरीस, याविषयी संहिता गप्प आहे. बंधनमंत्र दुसऱ्या जादूगाराने त्याच पहिल्या फेरीत सुरू केला तर तो एक फेरी आधी पूर्ण होतो. हजार सुवर्णनाण्यांचे रत्न सहा सेकंदांच्या हिशेबावर टांगलेले राहते, हे कोणत्याही मानाने समाधानकारक नाही.

त्याहून गंभीर मुद्दा मुदतवाढीच्या वाक्याचा आहे. ‘त्या मंत्राची मुदत वाढते’ असे नियम म्हणतो. परंतु एकाग्रता भंगल्यावर आवाहनमंत्र संपलेला आहे. उरलेला तास ही त्या मंत्राची मुदत आहे की मंत्र संपल्यानंतरचा एक स्वतंत्र परिणाम आहे? काटेकोर शब्दवादी म्हणेल की मंत्रच उरला नाही, तर मुदत कशाची वाढवणार. त्याच्या मते बंधन यशस्वी होते, रत्न जळते, आणि बांधलेला सेवक त्याच क्षणी अंतर्धान पावतो.

हे वाचन शब्दांना धरून असले तरी ते त्याज्य का मानावे, याचे उत्तर पहिल्या विसंवादाशी तुलना केल्यावर मिळते. तेथे संहितेतच मार्ग होता. येथे तो नाही. ‘कॉन्ज्युअर एलिमेंटल’ अधिक शक्तीने टाकल्यास अधिक बलवान प्राणी येतो. तास तेवढाच राहतो. २०१४ च्या खेळाडू-पुस्तकातील ‘कॉन्ज्युअर’ गटातील सर्वच मंत्रांची कमाल मुदत एक तास आहे. तेव्हा शब्दवादी वाचन स्वीकारले तर मुदतवाढीच्या वाक्याला लागू होण्यास जागाच उरत नाही. फार तर दोन जादूगार आणि फेऱ्यांचा सूक्ष्म हिशेब एवढ्या अपवादात्मक स्थितीपुरते ते उरते. संहितेतील कोणतेही पद निरर्थक मानू नये, हा मीमांसकांचा दंडक आहे. आधुनिक न्यायालयेही विधेयकातील शब्द व्यर्थ ठरवणारा अर्थ शक्यतो टाळतात. त्या दंडकानुसार ‘मुदत’ या शब्दात प्राण्याच्या अस्तित्वाची संपूर्ण मुदत अभिप्रेत धरावी, आणि दोन्ही क्षण एकत्र आले तर बंधन आधी पूर्ण झाले असे मानावे, हाच अर्थ युक्त ठरतो.

या खेळाचा स्वतःचाही एक अर्थनियम आहे. विशेष नियम सामान्य नियमाला बाधतो, असे खेळाडू-पुस्तकाच्या आरंभीच सांगितले आहे. संस्कृत व्याकरणातील उत्सर्ग-अपवाद न्यायाशी परिचित असलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. मुदतवाढीचे वाक्य हा अपवाद आहे आणि तासाची मर्यादा हा उत्सर्ग. मात्र हा न्याय एकाग्रतेला लावून ‘बंधनमंत्रात आवाहनाची एकाग्रता टिकते’ असे म्हणता येणार नाही, कारण तसा अपवाद कोठेही लिहिलेला नाही. अपवाद गृहीत धरता येत नाही, तो वाचता आला पाहिजे.

जुन्या आवृत्तीतील काडी

२००३ च्या आवृत्तीत यांपैकी बऱ्याच गोष्टी स्पष्ट होत्या. तेथे आवाहनाचा मंत्र वर्तुळानंतर एका फेरीच्या आत टाकला पाहिजे असे सांगितलेले होते, आणि वर्तुळ मंत्रकर्त्याच्या दर पातळीमागे चोवीस तासांपर्यंत प्राण्याला रोखून धरू शकत असे. दहा मिनिटे खर्चून विशेष आकृती काढण्याची सोय होती. ती बिनचूक झाली की नाही हे ठरवणारा फासा सूत्रधार गुप्तपणे टाकत असे, त्यामुळे प्राणी समोर येईपर्यंत जादूगाराला आपल्या आकृतीची खात्री नसे. आकृतीवर बाहेरून एखादी गवताची काडी पडली तरी प्राणी सुटे. मात्र तो स्वतः ती काडी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे हलवू शकत नसे. या एका काडीत ‘फाउस्ट’मधील उंदराची आठवण जागी आहे. पाचव्या आवृत्तीने नियम आटोपशीर केले आणि काडी गेली. वाचन सोपे झाले, पण काळाची सांधेजोडही तिच्याबरोबर सैल झाली.

आटोपशीरपणाची आणखी एक किंमत लक्षात घेण्यासारखी आहे. जुन्या नियमानुसार कोंडलेला प्राणी सुटकेचा प्रत्येक मार्ग दिवसातून एकदाच अजमावू शके. नव्या ‘मॅजिक सर्कल’मध्ये जादूने स्थलांतर करू पाहणाऱ्या प्राण्याला आधी करिष्म्याचा बचाव साधावा लागतो, एवढेच म्हटले आहे, प्रयत्नांची मर्यादा नाही. दर फेरीला स्थलांतर करू शकणाऱ्या असुराला तासाभरात सहाशे संधी मिळतात. त्याला यशासाठी वीस बाजूंच्या फाशावर सतरा वा अधिक हवे असतील, म्हणजे यशाची शक्यता दर प्रयत्नास वीस टक्केच असेल, तरी पहिल्या दोन मिनिटांतील वीस प्रयत्न सलग फसण्याची शक्यता जेमतेम एक टक्का उरते. तात्पर्य, असा असुर या वर्तुळात तासभर राहूच शकत नाही. ‘एकदाच प्रयत्न’ हा निर्बंध सूत्रधाराने घातला तर तो नवा नियम होतो, मग तो कितीही इष्ट असो. स्थलांतर न करू शकणाऱ्या एलिमेंटलला ही पळवाट उपलब्ध नाही, म्हणून जाणते खेळाडू आधी तोच निवडतात.

‘स्वेच्छेने’ या शब्दाविषयीही असाच प्रश्न आहे. आत शिरण्याच्या निषेधात तो आहे, उलट दिशेच्या वाक्यात नाही. मग कोंडलेल्या प्राण्याला कोणी बाहेर ढकलले तर तो बाहेर पडतो काय? ‘उलट दिशेने चालणे’ याचा स्वाभाविक अर्थ सर्व विशेषणांसह उलटणे असा होतो. म्हणून ढकललेला प्राणी बाहेर पडतो असे मानणे सुसंगत आहे. जुन्या काडीचे काम येथे सोबत्याचा अनवधानाने बसलेला धक्का करू शकतो.

शब्दाला जागणारा सेवक

बंधनमंत्रातील सर्वांत लक्षणीय तरतूद शेवटी येते. बांधलेला प्राणी आज्ञेच्या शब्दांचे पालन करतो. पण तो शत्रुभाव बाळगत असेल तर त्या शब्दांना मुरड घालून आपले हेतू साधू पाहतो. ‘या दारातून कोणालाही आत येऊ देऊ नकोस’ अशी आज्ञा मिळालेला एलिमेंटल आतून बाहेर निघणाऱ्या चोराकडे पाहत उभा राहील, आणि संध्याकाळी परतलेल्या मालकालाही आत घेणार नाही. नियम स्वतःच येथे एक कुटिल भाष्यकार निर्माण करतो आणि खेळाडूला मसुदालेखक बनवतो.

यातील गंमत अशी की ज्या खेळाडूने तासाभरापूर्वी सूत्रधाराशी मुदतीच्या शब्दावर हुज्जत घातली, त्याच्याच विरुद्ध आता शब्दवाद वापरला जातो. कायद्याच्या तत्त्वज्ञानात ‘उद्यानात वाहनांना मनाई’ या नियमावरून १९५८ साली एच. एल. ए. हार्ट आणि लॉन फुलर यांच्यात झालेला वाद प्रसिद्ध आहे. हार्ट यांनी शब्दाच्या निश्चित गाभ्यावर भर दिला. फुलर यांनी उद्यानात स्मारक म्हणून उभारलेल्या युद्धकालीन ट्रकचे उदाहरण देऊन हेतूविना शब्द वाचता येत नाही असे प्रतिपादन केले. बंधनमंत्राचा सेवक हेतू पूर्णपणे ओळखतो आणि तरीही केवळ शब्द पाळतो. विधी महाविद्यालयातील अर्थनिर्णयाच्या तासिकेला यापेक्षा जिवंत उदाहरण मिळणे कठीण आहे.

निर्णय केव्हा सांगावा

पंचाच्या विवेकाला या खेळात मोठे स्थान असल्यामुळे निर्णय कोणता यापेक्षा तो केव्हा सांगितला जातो याला अधिक महत्त्व येते. खेळाडू अनेक आठवडे सुवर्ण जमवतो, रत्न विकत घेतो, चौथ्या पातळीची शक्ती राखून ठेवतो, हे सारे संहितेवर विसंबून. एकसष्टाव्या मिनिटाला सूत्रधाराने प्रथमच जाहीर केले की मुदतवाढ लागू नाही, तर त्या निर्णयाला शब्दाधार असला तरी खेळाडूच्या दृष्टीने तो विश्वासभंगच ठरतो. येथे हरते ते केवळ काल्पनिक रत्न नव्हे. पुढच्या वेळी त्या टेबलावर कोणीही योजना आखण्याचे कष्ट घेत नाही, कारण पुस्तक वाचून काही ठरत नाही हे सर्वांना उमगलेले असते. उलट बाजूने, प्रत्येक संदिग्धता खेळाडूच्याच लाभात सोडवणाऱ्या सूत्रधाराच्या टेबलावर वर्षभर राबणाऱ्या असुरांची फौज उभी राहते आणि इतर सोबत्यांच्या तलवारींना काम उरत नाही. सवलतीचा भार नेहमी कोणीतरी तिसराच वाहतो.

यास्तव मंत्राची सामग्री खरेदी होण्यापूर्वीच संशयित वाक्यांवरील निर्णय देणे, आणि तो लिहून ठेवणे, ही प्रथा अनुभवी मंडळांत आढळते. मात्र स्तंभातील प्राण्याचा फासा किती पडणार हे कोणी आधी सांगत नाही. खेळाडूचा धोका तेथेच असावयास हवा.

सुधारित आवृत्ती

२०२४ साली पाचव्या आवृत्तीची पुस्तके सुधारून निघाली. ‘कॉन्ज्युअर एलिमेंटल’ आता खराखुरा प्राणी आणत नाही. त्याने एक अमूर्त तत्त्वरूप प्रकट होते. त्यामुळे या लेखात चर्चिलेला दुसरा विसंवाद त्या मंत्रापुरता निकालात निघाला. तो अर्थनिर्णयाने सुटला नाही. नियमकर्त्यांनी विषयच काढून घेतला. ‘मॅजिक सर्कल’ आणि ‘प्लेनर बाइंडिंग’ यांचे तास मात्र तसेच आहेत. २०१४ ची पुस्तके घेऊन खेळणाऱ्या मंडळांची संख्या अद्याप लहान नाही, आणि त्या संहितेचा मोठा भाग २०२३ च्या जानेवारीत मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाल्याने तिच्यावर आधारलेले नवे खेळही निघत आहेत. अशा प्रत्येक टेबलावर चौथ्या पातळीची शक्ती वर्तुळासाठी राखून ठेवायची की नाही, हे जादूगाराला अजूनही आधी ठरवावेच लागते.